गमरे यांचा हँडब्रेक

घुब्र्यातल्या त्या गल्लीच्या तोंडाशी एक लाल पाटी होती. अष्टकोनी. वर अरबीत 'किफ' आणि खाली इंग्रजीत 'स्टॉप'. म्हणजे ज्याला जी भाषा येत असेल तिच्यात वाचावं आणि खुशाल पुढे निघून जावं. आणि लोक जातही होते. मस्कत म्हणजे केवढं शिस्तीचं शहर! गाडी मळकी दिसली तरी पोलीस हटकायचे. लोक सिग्नलला रांगेत उभे राहायचे, गोलचक्करला एकमेकांना वाट द्यायचे, आणि तीच शहाणी माणसं या पाटीपाशी आली की त्यांना काय व्हायचं कोण जाणे.

पाण्याचा टँकरवाला पाटीपाशी हॉर्न द्यायचा. हॉर्न दिला म्हणजे थांबल्यातच जमा, असं त्याचं प्रामाणिक मत. टॅक्सीवाला तय्यब, घराणं बलुची पण जन्म मस्कतचा, नेमका त्याच जागी मागच्या पॅसेंजरशी गप्पा मारायला मान वळवायचा. पाटी दिसलीच नाही, तर थांबणार कशासाठी? आणि पुण्याचे कृष्णकांत मेहेंदळे, त्यांची तऱ्हा सगळ्यांत सभ्य. ते ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित उचलायचे, देवळावरून जाताना करतात तशी मान लववायचे आणि निघायचे. "भावना महत्त्वाची हो," असं वर हसून सांगायचे.

या सगळ्यांत एकटा माणूस थांबायचा. शिवराम गमरे.

आता थांबायचा म्हणजे तुम्हीआम्ही थांबतो तसं नव्हे. गमऱ्यांची जुनी पांढरी करोला पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे यायची, गप्प उभी राहायची, आणि मग 'कर्रर्र' असा आवाज यायचा. हँडब्रेक! सपाट रस्त्यावर, भर दुपारी, चिटपाखरू नसताना हा गृहस्थ हँडब्रेक ओढायचा. मग डावीकडे बघणं, उजवीकडे बघणं, पुन्हा डावीकडे, कारण मघाशी न दिसलेलं काही आता उगवलं असेल तर! समोरच्या रस्त्यावर फार तर एखादी बकरी असायची. तीसुद्धा कंटाळून निघून जायची. मग हँडब्रेक खाली, मग पहिला गियर, मग सावकाश प्रस्थान.

तोवर मागे वरात तुंबलेली असायची. हॉर्नवर हॉर्न. कोपऱ्यावर बाबामियाँचं किराण्याचं दुकान होतं. बाबामियाँ दाभोळचे, म्हणजे गमऱ्यांच्याच मुलखातले. ते काट्यावर कांदे टाकता टाकता, वर न बघता म्हणायचे, "गमरे आले वाटतं." गाडीत मैत्री, गमऱ्यांची मुलगी, शाळेतल्या मैत्रिणींच्या गाड्या मागे दिसल्या की सीटखाली बुडी मारायची. "पप्पा, प्लीज! एव्हरीबडी इज हाँकिंग!"

"वाजवू दे," गमरे म्हणायचे. "त्यांचा हॉर्न, त्यांची बॅटरी."

या हँडब्रेकचा उगम होता लायसन्सच्या परीक्षेत. गमऱ्यांनी भारतात सायकलपलीकडे काही चालवलेलं नव्हतं. इथे साइट इंजिनियर म्हणून आले, आणि लायसन्सशिवाय साइट इंजिनियर म्हणजे चष्म्याशिवाय शिंपी. परीक्षेत पिंपांच्या मधून गाडी मागे घ्यायची, ते त्यांनी पहिल्याच दमात जमवलं. ड्रॉइंग वाचणाऱ्या माणसाला त्यात काय! पण पुढे रोडटेस्टला चढावरच्या पाटीपाशी थांबले की गाडी हळूच मागे घरंगळायची, आणि परीक्षक काही न बोलता कागदावर काट मारायचा. किती वेळा? ते गमऱ्यांना विचारू नका. त्यांनी बायकोलाही खरा आकडा सांगितलेला नाही. शिकवणारा म्हातारा ओमानी उस्ताद डॅशबोर्डवर थापा मारून ओरडायचा, "हँडब्रेक, या शिवराम, हँडब्रेक!" अरबीतलं 'या' म्हणजे आपलं 'अरे'. अखेर पास झाले तेव्हा त्यांनी सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटले. तळमजल्यावरच्या बाईंनी पेढा तोंडात टाकून विचारलं, "मुलगा का मुलगी?"

सगळी गल्ली समजायची की हा माणूस परीक्षेला भ्यालाय, त्या भीतीतून काही बाहेर येत नाही. गमरेही तसंच समजू द्यायचे. खरं कारण त्यांनी फक्त बायकोला, अनुसयाबाईंना, सांगितलं होतं, तेही लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर.

खेडजवळच्या त्यांच्या गावात वाडीकडून बाजाराकडे जाणारी एक पायवाट होती, शेताच्या बांधावरून. लहानपणी गमरे वडिलांचं बोट धरून त्या वाटेने जायचे. समोरून वरच्या आळीतलं कोणी आलं की वडील बांधावरून खाली उतरायचे. चिखल असो, काटे असोत. वहाणा हातात घेऊन, मान खाली घालून उभे राहायचे, आणि तो माणूस गेला की पुन्हा वर यायचे. कोणी 'उतर' म्हणालेलं शिवरामने कधी ऐकलं नाही. दीक्षा घेऊन वर्षं लोटली होती, घरात रोज वंदना व्हायची, म्हातारा सभेत ताठ मानेने बसायचा, पण वाटेवर आला की पाय आपले आपण खाली उतरायचे. एकदा पोरगं वडिलांना म्हणालंही, "बाबा, कशाला उतरलात? त्याने सांगितलं तरी का?" वडील नुसता पायाचा चिखल गवताला पुसत राहिले. तो चिखल गमऱ्यांच्या डोळ्यांपुढून कधी गेला नाही.

आणि मग हजारो मैल लांब या वाळवंटात त्यांना ही पाटी भेटली. थांब, म्हणते. कोणाला? सगळ्यांना. मर्सिडीजला थांब, टँकरला थांब, मेहेंदळ्यांना थांब, गमऱ्यांनाही थांब. आडनाव विचारत नाही, गाव विचारत नाही. सगळ्यांना सारख्या मोठ्या अक्षरांत सांगते. अशी पाटी मिळाल्यावर माणूस तिच्यापाशी नीट थांबणार नाही तर काय करील? हे सगळं अनुसयाबाईंनी एकदा ऐकून घेतलं. त्यानंतर त्यांनी हँडब्रेकवरून नवऱ्याला कधी टोकलं नाही. मैत्रीला मात्र पाटीपाशी दटावायच्या, "सीटवर नीट बस."

तर आता मेहेंदळे. हे मेहेंदळे गल्लीतले शेजारी तर होतेच, पण मस्कतच्या गाला भागातल्या ज्या कंपनीत गमरे होते तिचे ॲडमिन मॅनेजरही होते. कोणाची रजा, कोणाचा व्हिसा, कोणाला कुठली साइट, सगळ्या चाव्या त्यांच्या कमरेला. माणूस वाईट म्हणवणार नाही. गोड बोलायचे, दसऱ्याला घरी बोलवायचे, कोणी आजारी पडलं तर डबा धाडायचे. गमऱ्यांना भेटले की खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "तुम्ही लोक नियमाचे फार पक्के बुवा." हे 'तुम्ही लोक' म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न गमऱ्यांना दर वेळी पडायचा, आणि दर वेळी ते हसून चहाचा घोट घ्यायचे. विचारणार कोण?

त्या वर्षी कंपनीला ओमानच्या दक्षिणेकडच्या सलालाहला मोठं काम मिळालं. तिथे साइटचा प्रमुख म्हणून एक माणूस जाणार होता. पगार बरा, राहायला साइटच्या शेजारीच बंगलीवजा घर. अर्बाब, म्हणजे कंपनीचा ओमानी मालक, नाव मेहेंदळ्यांकडूनच मागवणार हे उघड होतं. आणि अनुसयाबाईंचा जीव सलालाहवर जडलेला. एकदा पावसाळ्यात सहलीला गेल्या होत्या. तिथे डोंगर हिरवे, धुकं, झिमझिम, रस्त्याच्या कडेला नारळ, केळी. ओल्या मातीत चपला काढून उभ्याच राहिल्या होत्या. मस्कतच्या भट्टीत परत आल्यावर महिनाभर दुसरं बोलणं नाही. तोंडाने कधी 'मला तिकडे न्या' म्हणाल्या नाहीत, पण बाबामियाँकडून शहाळं आणलं की ते कानाशी हलवून म्हणायच्या, "सलालाहचं आहे." गमऱ्यांना तेवढं पुरे होतं. हयातीत बायकोला एक गोष्ट द्यावी असं त्यांना फार वाटत होतं, आणि ती गोष्ट मेहेंदळ्यांच्या खिशात होती.

ओमानात तेव्हा ऑफिसं दोन पाळ्यांत चालायची. दुपारी घरी यायचं, जेवायचं, डोळा लावायचा, आणि चारच्या सुमाराला पुन्हा निघायचं. त्यामुळे चारला सगळी गल्ली एकदम, अर्धवट झोपेत, गाड्या घेऊन पाटीकडे सुटायची.

त्या दुपारीही तसंच झालं. गमरे पाटीपाशी आले. पट्ट्याच्या अलीकडे थांबले. कर्रर्र. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि पुन्हा डावीकडे मान वळवणार, तोच मागून धाडकन दणका बसला. डोकं पुढे, चष्मा मांडीत, आणि करोला फरफटत पट्ट्याच्या पुढे.

मागे मेहेंदळे होते. त्यांनी नेहमीप्रमाणे पाय उचलला होता, मानही लववली होती. पण पुढे गमरे आहेत आणि गमरे खरोखर थांबतात, हे जेवणानंतरच्या गुंगीत त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांच्या मागे तय्यबची टॅक्सी कचकन थांबली.

तिकडचा नियम पक्का. अपघात झाला की गाडी तसूभर हलवायची नाही. पोलीस येतो, बघतो, चूक कोणाची ते तिथल्या तिथे ठरवतो आणि कागद देतो. तो कागद नसेल तर गॅरेजवालाही गाडीला हात लावत नाही. बाबामियाँनी दुकानातून फोन केला. तय्यब टॅक्सीतून उतरून सावलीला गेला. आणि मेहेंदळे रुमालाने मान पुसत गमऱ्यांजवळ आले.

"लागलं नाही ना?" त्यांनी विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता गमऱ्यांना कोपराला धरून बाजूला नेलं. "गमरे, जरा अडचण आहे हो. या वर्षात माझ्या नावावर आधीच दोन चुका लागल्यात. तिसरी लागली तर लायसन्स ठेवून घेतील. माझी काय शोभा होईल ऑफिसात?"

"मग आता?" गमरे म्हणाले.

"तुमचं रेकॉर्ड म्हणजे धुतला तांदूळ. तुमच्यावर एक चूक लागली तर काय बिघडतंय? हे बघा, तुमची गाडी पट्ट्याच्या पुढे आहेच. तुम्ही एवढंच सांगायचं, की चुकून पट्टा ओलांडला, न थांबता पुढे गेलो, मग लक्षात आलं म्हणून गाडी मागे घेतली. मागे घेताना माझ्यावर आदळलात." मेहेंदळ्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर कौतुकच उमटलं, स्वतःच्या कल्पनेचं. "तुमच्याबाबतीत तर हे कोणालाही पटेल! पट्ट्यासाठी गाडी मागे घेणारा माणूस सबंध मस्कतात दुसरा कोण आहे?"

गमऱ्यांनी चष्मा शर्टाला पुसला.

"आणि ते सलालाहचं नाव मी उद्याच देतोय अर्बाबला," मेहेंदळे खालच्या आवाजात म्हणाले. "वहिनींना आवडतं ना तिकडे? अहो, आपण मराठी माणसांनी एकमेकांना नाही धरायचं तर कोणी?"

त्यांनी धमकी दिली नाही बरं का. एक शब्द वाकडा नाही. उलट मागे वळून गाडीतून थंड पाण्याची बाटली आणून दिली.

गमऱ्यांनी करोलाकडे पाहिलं. डिकी चेपून आत गेलेली, तरी ती बिचारी हँडब्रेक धरूनच उभी होती. त्यांना अनुसयाबाई दिसल्या, ओल्या मातीत चपला काढून उभ्या. एक वाक्य बोलायचं होतं. पैसे द्यायचे नव्हते, पाया पडायचं नव्हतं, नुसतं म्हणायचं की मी थांबलो नाही. सगळी गल्ली रोज थांबत नाही, कोणाचं आकाश कोसळलं?

पोलीस आला. पोरसवदा, इस्त्रीच्या घडीतला, गॉगल काढून खिशात ठेवणारा. त्याने दोघांना सलाम केला आणि गमऱ्यांना विचारलं, "काय झालं, सदीक?" सदीक म्हणजे मित्र. बाकी हिंदी बरी बोलत होता.

गमऱ्यांनी घसा साफ केला. मेहेंदळे आभाळाकडे बघत होते.

"मैं रुका नहीं," गमरे म्हणाले. "लाइन के आगे गया. फिर गाडी पीछे लिया. मेरी गलती."

झालं. सुटलं एकदाचं तोंडातून. आणि सुटल्याबरोबर सावलीतून तय्यब असा उसळला की विचारू नका.

"झूठ!" तो ओरडला. "ये आदमी नहीं रुका? ये? या अखी, मेरे भाई, ये तो इतना रुकता है, इतना रुकता है कि मेरा पॅसेंजर उतरके पैदल चला जाता है! मैं पीछे खडा बुढ्ढा हो गया! ये लाइन के आगे जायेगा? कयामत आयेगी तब भी लाइन के पीछे खडा मिलेगा!"

"तय्यबभाई, तुम मत बोलो," गमरे कळवळून म्हणाले.

"क्यों नहीं बोलूँ? रोज हॉर्न मार मार के मेरा अंगठा दुख गया!"

तेवढ्यात बाबामियाँ काट्याचं वजन हातात तसंच घेऊन दुकानाची पायरी उतरले. त्यांनी पोलिसाला त्यांच्या मोडक्या अरबीत काहीतरी सांगितलं, कर्रर्र असा आवाजही काढून दाखवला, आणि मग गमऱ्यांकडे वळून आपल्या बोलीत म्हणाले, "काय वो गमरे, खोटा कशाला बोलता? ब्रेक वढलात तो मी ह्या कानांनी आयकलाय. आधी ब्रेक, मग धडाम. रोज आयकतंय मी. तुमच्या ब्रेकवर तर मी दुपारचा दुकान उघडतंय!"

पोलिसाने सगळ्यांना हाताने थांबवलं. करोलाचं दार उघडून आत वाकला. हँडब्रेक वर होता. मग तो गाडीच्या मागे जाऊन उकिडवा बसला. तापलेल्या डांबरावर मागच्या चाकांचे दोन काळे ओरखडे होते, पट्ट्याच्या अलीकडून सुरू होऊन चाकांपर्यंत आलेले. चाकं बांधलेली असताना कोणी ढकललं, की असे उठतात. त्याने ओरखड्यावर बोट फिरवलं, काळं झालेलं बोट गमऱ्यांना दाखवलं, आणि पहिल्यांदाच हसला.

"सदीक," तो म्हणाला, "इस गल्ली में सब बोलता है, मैं रुका था. सब झूठ बोलता है. मैं नहीं रुका, ऐसा झूठ बोलनेवाला तुम पहला आदमी."

तय्यब टाळी वाजवून हसला. बाबामियाँ हसले. गमऱ्यांना वाटलं, डांबर फाटून पोटात घेईल तर बरं.

चूक मेहेंदळ्यांची ठरली. लायसन्स काही महिन्यांसाठी गेलं. पोलिसाने कागद लिहून दिला आणि जाताना गमऱ्यांना सलाम ठोकला, पण गमऱ्यांना त्याच्याकडे वर बघवलं नाही. पाण्याची अर्धी उरलेली बाटली मेहेंदळ्यांनी गमऱ्यांच्या हातातून काढून घेतली आणि टॅक्सीत जाऊन बसले. टॅक्सी अर्थातच तय्यबची. तय्यबने मीटरवाचून भाव सांगितला, आणि पाटीवरून न थांबता निघून गेला.

संध्याकाळी गमरे ऑफिसातून कोणाच्या तरी गाडीने घरी आले. अनुसयाबाई दारातच उभ्या होत्या, हातात कोथिंबिरीची जुडी. म्हणजे बाबामियाँकडे जाऊन आल्या होत्या. म्हणजे सगळं कळलं होतं.

"काय सांगितलंत त्या पोलिसाला?"

गमरे बूट काढत राहिले. "सलालाहचं गेलं बघ हातचं," ते म्हणाले. "मेहेंदळे आता माझं नाव देतात होय!"

"ते नाही विचारलं मी. सांगितलंत काय?"

"तुझ्यासाठीच म्हणालो गं. तुला तिकडे..."

"माझ्यासाठी?" अनुसयाबाईंचा आवाज एवढा चढला की आतून मैत्री पुस्तक घेऊन बाहेर आली. "माझं नाव कशाला पुढे करता? मी मागितलं होतं? मला नारळ आवडतात, ते बाबामियाँकडे मिळतात. त्याच्यासाठी तुम्ही चारचौघांत सांगणार, की मी थांबलो नाही? ज्याच्यापायी रोज गल्लीभर शोभा होते, पोरीला सीटखाली लपावं लागतं, ते सगळं मी कशासाठी सोसलं मग?"

"एका वाक्याने काय होतंय," गमरे पुटपुटले. पण ते वाक्य त्यांनाच ओळखीचं वाटलं. गल्लीतला जो तो पाटीपाशी हेच म्हणत असणार.

अनुसयाबाईंनी जुडी टेबलावर ठेवली. आता त्यांचा आवाज खाली आला होता, आणि गमऱ्यांना ते जास्त लागलं.

"तुमचे बाबा बांधावरून उतरायचे ना, त्यांच्या पायांना दुसरं काही कोणी शिकवलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही तर ब्रेक ओढून उभे होतात. तरी उतरलात."

गमरे खुर्चीवर बसले ते बसलेच. अगदी खरं होतं. मेहेंदळ्यांनी त्यांना 'उतर' म्हटलं नव्हतं. म्हाताऱ्यालाही कधी कोणी म्हटलं नव्हतं. लहानपणी बापाला विचारलेला प्रश्न आज इतक्या वर्षांनी फिरून त्यांच्याच दारात येऊन बसला होता. रोज हॉर्न मारणारा तय्यब आणि कांदे तोलणारे बाबामियाँ, या दोघांनी त्यांना धरून परत वाटेवर ठेवलं होतं. स्वतः गमरे तर केव्हाच चिखलात उतरले होते.

"बाबांना मी एकदा फार टोचून बोललो होतो," ते म्हणाले. अनुसयाबाई चहा ठेवायला आत गेल्या.

पुढची गंमत ऐका. सलालाहला माणूस कोण गेला असेल? मेहेंदळे! अर्बाब मोठा व्यवहारी माणूस. तो म्हणाला, मॅनेजरकडे लायसन्स नाही, गालाच्या ऑफिसला रोज आणायचा सोडायचा कोणी? सलालाहला घर साइटच्या भिंतीला लागून आहे, चालत जाईल. खलास. इंजिनियरिंगचं बघायला खाली दोन पोरं देऊ. अशा रीतीने पाटीवर न थांबल्याचं बक्षीस म्हणून मेहेंदळे नारळाच्या बागेत जाऊन पोहोचले. निरोपसमारंभात त्यांनी सगळ्यांना मिठी मारली, गमऱ्यांनाही मारली, आणि कानाशी म्हणाले, "झालं गेलं विसरा हो. मनात काही ठेवू नका." या वेळी गमऱ्यांनी हसून चहाचा घोट घेतला नाही. त्यांनी विचारलं, "मेहेंदळेसाहेब, ते 'तुम्ही लोक, तुम्ही लोक' म्हणता, ते कोण हो?" मेहेंदळे गोंधळले. "अहो, म्हणजे... इंजिनियर लोक," असं म्हणून सामोशांच्या ताटाकडे वळले.

करोला गॅरेजमधून आली त्या दिवशी अनुसयाबाईंना मत्रहच्या बाजारात जायचं होतं. मैत्री मागे बसली. गाडीची डिकी नवी, बाकी अंग जुनं. चारची वेळ, सगळी गल्ली सुटलेली.

गमरे पाटीपाशी आले आणि पट्ट्याच्या अलीकडे थांबले. त्यांचा हात हँडब्रेककडे गेला आणि तिथेच घुटमळला. त्या दिवसानंतर ते पहिल्यांदाच स्वतः गाडी घेऊन इथे येत होते. आपण कोणत्या तोंडाने ओढायचा हा ब्रेक? जो म्हणाला मी थांबलो नाही, त्याने आता हे नाटक कशाला करायचं? मागे तय्यबचा हॉर्न सुरू झाला, त्याच्या मागे टँकरचा. तय्यब खिडकीतून डोकं काढून ओरडत होता, "या इंजिनियर! यल्ला! आज भी?" त्या दिवशीचा साक्षीदार तो! कसली दयामाया नाही, कसला आदर नाही, हॉर्न तोच, शिव्या त्याच.

गमऱ्यांनी हात हँडब्रेकवरून काढला आणि गियरवर ठेवला.

तेव्हा अनुसयाबाईंनी आपला हात मध्ये घातला. त्यांना गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण इतक्या वर्षांत एक दांडा तेवढा त्यांच्या ओळखीचा झाला होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून वर ओढला. कर्रर्र.

दुकानात बाबामियाँनी कांदे काट्यावर टाकले. मागे हॉर्नचा नुसता गदारोळ उठला. गमऱ्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे बघितलं. रस्ता मोकळा होता. त्यांनी दांड्याकडे हात नेला, पण अनुसयाबाईंनी तो सोडला नव्हता.

"थांबा अजून," त्या म्हणाल्या.